पुणे ते बंगळुरू घरसामान: पॅकर्स-मूव्हर्सच्या तीन कोटेशनमध्ये इतका फरक का?

प्रश्न थोडक्यात असा: बदलीमुळे हडपसरहून बंगळुरूला जायचं आहे. दोन बेडरूमचं घर, चौथा मजला, लिफ्ट आहे. तीन पॅकर्स-मूव्हर्सनी २२ हजार, ३४ हजार आणि ४१ हजार असे दर दिले. तिघंही 'पॅकिंग, लोडिंग, गाडी, अनलोडिंग, सगळं त्यातच' असं सांगतात. मग फरक कशाचा, आणि काम कुणाला द्यायचं?

आधी ३४ आणि ४१ चं बघू, ते सोपं आहे. ३४ हजारांच्या कोटेशनखाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असं लिहिलंय का ते पाहा. पॅकिंग, हमाली आणि वाहतूक ही एकत्र सेवा म्हणून बिल झाली तर सहसा १८ टक्के लागतात. म्हणजे ३४,००० चे ४०,१२० होतात. अशा वेळी तुमच्यापुढचे दोन दर वेगळे नसून जवळपास एकच असतात. तिघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा: 'करासह, टोलसह, दोन्हीकडच्या हमालीसह शेवटचा आकडा किती?'

२२ हजारांचं कारण वेगळं. इतकी तफावत असली की पहिला संशय पार्ट लोडचा घ्यायचा. फुल गाडीत तुमचं सामान घरातून निघून एकाच गाडीत चढतं आणि बंगळुरूच्या दारात उतरतं. एकदा चढवलं, एकदा उतरवलं. पार्ट लोडमध्ये ते घरून छोट्या गाडीत भरतात, शहराबाहेरच्या गोदामात उतरवतात, बाकीच्यांचं सामान जमलं की मोठ्या कंटेनरमध्ये चढवतात, बंगळुरूच्या गोदामात पुन्हा उतरवतात, तिथून छोट्या गाडीत चढवतात आणि मग घरी उतरवतात. दोनाच्या जागी सहा वेळा चढउतार, आणि प्रत्येक ठिकाणी माणसं वेगळी. फर्निचरचे कोपरे, काचा, फ्रिजचे दरवाजे हे धावत्या गाडीत क्वचितच जातात. ते जातात या चढउतारात. म्हणून मूव्हर निवडताना माझ्या मते सर्वात महत्त्वाचा प्रश्न दराचा नाही. आपलं सामान किती वेळा उचललं जाणार आणि दर वेळी ते कुणाच्या ताब्यात असणार, हे विचारा.

पार्ट लोड वाईटच असतं असं नाही. सामान थोडं असेल, म्हणजे एक पलंग, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि वीसेक खोकी, तर फुल गाडीचे पैसे देण्यात अर्थ नाही. अशा वेळी दोन गोष्टी ठरवून घ्या. सामान एकाच मोठ्या गाडीत पार्टिशन घालून थेट जाणार की गोदामात उतरणार, हे विचारा. आणि पोचण्याची तारीख लेखी घ्या. पुणे-बंगळुरू अंतर साधारण ८४० किलोमीटर. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर हा सरळ महामार्ग आहे. फुल गाडी दोन-तीन दिवसांत पोचते. पार्ट लोडला आठवडा-दहा दिवस सहज लागतात, कारण गाडी भरल्याशिवाय निघत नाही. तिकडे जाऊन सात दिवस सतरंजीवर काढायची तयारी असेल तरच ते घ्या.

आता गाडीचा आकार. घरसामान वजनावर नाही, घनफुटावर मोजतात. छोटा हत्ती म्हणजे टाटा एसचा हौदा सुमारे सात फुटांचा, बोलेरो पिकअपचा आठ-नऊ फुटांचा, टाटा ४०७ चा दहा फुटांच्या आसपास. त्यापुढे १४, १७ आणि १९ फुटी गाड्या. १४ फुटी गाडी सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच धरली तर ५०४ घनफूट भरते, १७ फुटी गाडीला सात फूट उंची मिळाली तर ७१४. दोन बेडरूमच्या मराठी घराचं सामान साधारण ५०० ते ७०० घनफूट निघतं. म्हणजे तुम्ही १४ आणि १७ च्या नेमके मध्ये आहात आणि भांडण इथेच होतं. फोनवर 'टू बीएचके आहे' एवढं ऐकून दर दिला असेल तर तो १४ फुटीचा असतो. गाडी भरत आली आणि बाल्कनीतली सायकल, माळ्यावरचे पितळी हंडे, बॉक्स पलंगातल्या गाद्या-रजया बाहेर आल्या की 'सामान जास्त निघालं, आठ हजार वाढतील' हे वाक्य येतं. त्या वेळी तुमच्या हातात घराची किल्ली परत द्यायची वेळ असते आणि तुम्ही देऊन टाकता.

यावर उपाय सर्व्हे. माणूस घरी येऊन पाहणार असेल तर उत्तम, नाहीतर व्हिडिओ कॉलवर दाखवा. पण माळा, बाल्कनी, पलंगाचे बॉक्स, बाथरूमवरची पोटमाळ्याची जागा आणि पार्किंगमधली कपाटं उघडून दाखवा. मग त्यांच्याकडून वस्तूंची यादी मागा आणि ती कोटेशनला जोडून घ्या. यादीत नसलेलं काही निघालं तर वाढीव पैसे मागणं रास्त आहे. यादीतल्या वस्तूंसाठी एक रुपयाही वाढणार नाही, हे लिहून घ्या. गाडीचा फुटांतला आकार आणि ती बंद कंटेनर आहे की ताडपत्रीची, हेही तिथेच येऊ द्या. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर ताडपत्रीच्या गाडीला सरळ नाही म्हणा. ओला झालेला पुठ्ठा उभा राहत नाही. खालचं खोकं बसलं की वरची चार त्याच्यावर येतात.

पॅकिंगबद्दल सगळे 'थ्री लेअर' म्हणतात. ते थर कुठले, हे विचारलं की माणूस कळतो. लाकडी फर्निचरला आधी फोम शीट किंवा बबल रॅप, त्यावर नालीदार पुठ्ठ्याचा रोल, आणि वरून स्ट्रेच फिल्म किंवा टेप, असा क्रम हवा. चिकटपट्टी थेट पॉलिशवर लागली तर काढताना पॉलिश घेऊन निघते. नुसती स्ट्रेच फिल्म गुंडाळली तर धूळ लागत नाही, पण आपटलं की काहीच अडत नाही. खोकी किमान पाच पदरी हवीत. तीन पदरी खोकं कपडे आणि उशांपुरतं ठीक असतं.

पुस्तकांसाठी छोटंच खोकं घ्या. १८ बाय १२ बाय १२ इंच म्हणजे दीड घनफूट. ते पुस्तकांनी भरलं की वजन वीस किलोच्या घरात जातं आणि एका माणसाला उचलता येतं. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की ते उचलत नाहीत, ओढतात, आणि तळ फाटतो.

स्वयंपाकघर हा दिवसभराचा सर्वात नाजूक भाग, आणि तो बहुतेक वेळा संध्याकाळी, माणसं दमल्यावर भरला जातो. सकाळी पहिलं काम तेच करून घ्या. खोक्याच्या तळाला चुरगळलेल्या कागदाचा तीन बोटं जाड थर हवा. काचेच्या आणि चिनी मातीच्या बशा आडव्या एकावर एक ठेवायच्या नाहीत, प्रत्येकीला कागद गुंडाळून फायलींसारख्या कडेवर उभ्या लावायच्या. आडवी चळत धक्क्याने खालून तडकते. उभी बशी तो धक्का कडेवर सोसते. कप-पेले तोंड खाली करून वरच्या थरात. भरलेलं खोकं दोन्ही हातांनी हलवून पाहा. आत खुळखुळ ऐकू आली तर पोकळी आहे, ते उघडून कागद भरायला सांगा. स्टीलचे डबे रिकामे पाठवू नका. त्यांच्या आत कापडात गुंडाळलेल्या वाट्या-चमचे बसतात, जागा वाचते आणि डब्याला पोचही येत नाही. तेल, तूप, लोणच्याच्या बरण्या गाडीत देऊ नका. झाकण कितीही घट्ट असलं तरी उष्णतेने तेल सुटतं आणि शेजारच्या गादीचा डाग जन्मभर राहतो. पाटा-वरवंटा किंवा जातं असेल तर सर्व्हेत आवर्जून सांगा. ते गाडीत तळाला, पुढच्या भिंतीला टेकवूनच ठेवायचं असतं.

यंत्रांच्या बाबतीत 'सगळं त्यातच' हे शब्द फसवे ठरतात. एसी काढणं-बसवणं, आरओ, गीझर, भिंतीवरचा टीव्ही, पंखे, झुंबर ही कामं मूव्हरची माणसं करत नाहीत. त्यासाठी वेगळा तंत्रज्ञ लागतो आणि त्याचे पैसे वेगळे असतात. स्प्लिट एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून घ्यावा लागतो. आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करतात, कॉम्प्रेसर थोडा वेळ चालू ठेवतात, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करतात. घाईत हे न करता नळ्या सोडल्या की गॅस हवेत जातो आणि बंगळुरूत नव्याने भरण्याचा खर्च येतो. काढताना समोर उभे राहा, तांब्याच्या नळ्यांची दोन्ही टोकं बंद केली का ते पाहा.

फ्रिज एक दिवस आधी रिकामा करून बंद करा, बर्फ वितळू द्या, आतून कोरडा पुसा. गाडीत तो उभाच राहिला पाहिजे. वाटेत आडवा किंवा कलता झाला असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. म्हणून पोचल्यावर पाच-सहा तास उभा ठेवून मगच चालू करा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागे मशीन नवी आली तेव्हाचे ट्रान्झिट बोल्ट बसवावे लागतात. ड्रम स्प्रिंगवर लटकलेला असतो, बोल्टशिवाय तो ८४० किलोमीटर झोके खातो आणि शॉक अॅबसॉर्बर निकामी होतात. बोल्ट हरवले असतील तर त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे आधीच मागा.

कपाटांबद्दल एक स्पष्ट मत. सागवानी किंवा लोखंडी कपाट पिढ्यान्‌पिढ्या हलवा, काही होत नाही. पार्टिकल बोर्डचं कपाट एकदा सुटं केलं की स्क्रूची भोकं भुसभुशीत होतात आणि पुन्हा जोडल्यावर दारं सरळ बसत नाहीत. ते सात-आठ वर्षं वापरलेलं असेल तर पुण्यातच विकून टाका, गाडीतली साठ-सत्तर घनफूट जागाही वाचेल. जे सुटं करणार आहात त्याचे स्क्रू, बिजागऱ्या छोट्या झिप पिशवीत घालून त्याच फळीच्या मागे चिकटवायला लावा. सगळ्यांचे स्क्रू एका डब्यात टाकले की तिकडे निम्मा दिवस जुळवाजुळवीत जातो.

काही गोष्टी मूव्हर नेत नाहीत आणि नेऊही नयेत: गॅस सिलिंडर, पेट्रोल, रॉकेल, रंग, थिनर, फटाके. शहर बदलतंय, म्हणून सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, अनामत परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर घ्या. नवं कनेक्शन त्यावर मिळतं. शेगडी मात्र सोबत जाऊ द्या. इन्व्हर्टरची बॅटरी नेणार असतील तर उभी, टर्मिनल झाकून, आणि वेगळ्या कोपऱ्यात. दागिने, रोकड, घराची कागदपत्रं, मुलांचे दाखले, लॅपटॉप आणि देवघरातल्या मूर्ती स्वतःजवळ ठेवा. यातल्या बऱ्याच वस्तूंना विमा लागूच होत नाही. कुंड्याही बहुतेक मालकाच्या जोखमीवर जातात. बंद कंटेनरमध्ये तीन दिवस तुळस तग धरेलच असं नाही, ती शेजारी देऊन गेलेलं बरं.

आता विमा. यात लोकांची सर्वात जास्त फसगत होते. कोटेशनवर 'एफओव्ही' किंवा 'रिस्क कव्हर' म्हणून जाहीर किमतीच्या साधारण दीड ते तीन टक्के लावलेले असतात. फ्रेट ऑन व्हॅल्यू म्हणजे वाहतूकदाराने स्वतः घेतलेली जोखीम. तो विमा नव्हे. खरा ट्रान्झिट विमा विमा कंपनीचा असतो आणि त्याचं तुमच्या नावाचं, पॉलिसी क्रमांक असलेलं प्रमाणपत्र गाडी निघण्याआधी मिळतं. ते मिळालं नाही तर तुम्ही विमा घेतलेला नाही, पैसे काही घेतलेले असोत. मग कलम पाहा. रस्ता-रेल्वे वाहतुकीच्या विम्यात ए, बी आणि सी असे प्रकार येतात. सी म्हणजे आग आणि वीज. बी मध्ये त्याशिवाय गाडीची टक्कर, गाडी उलटणं, पूल कोसळणं येतं. हमालाच्या हातून टीव्ही पडला, तर फक्त ए मध्येच भरपाईची आशा. फुटलेल्या ताटल्यांसाठी बी प्रकारची पॉलिसी काही कामाची नाही.

किंमतही खरी जाहीर करा. सामान ५ लाखांचं असून हप्ता वाचवायला अडीच लाख लिहिले, आणि ४० हजारांचं नुकसान झालं, तर सरासरीच्या नियमाने (किंमत निम्मी लिहिली तर भरपाईही निम्मी) २० हजारच मिळतात. तुम्ही स्वतः भरलेली खोकी आणि बाहेरून ओरखडाही नसताना बंद पडलेली यंत्रं साधारणपणे वगळलेली असतात. म्हणून टीव्ही, फ्रिज, मशीन चालू असल्याचा छोटा व्हिडिओ पॅकिंगआधी काढा, त्यात मॉडेल क्रमांकाची पट्टी दिसू द्या.

विमा नसला तरी कायद्याने थोडा आधार आहे. रस्ते वाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आणि त्याचे २०११ चे नियम आहेत. त्यांनुसार हरवल्या-मोडल्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, पण पाठवणाऱ्याने फॉरवर्डिंग नोटमध्ये, म्हणजे सामान सोपवताना सही करून द्यायच्या कागदात, लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. मेख इथे आहे. कारकून 'जुने घरगुती सामान, किंमत ५०,०००' असं आपल्या मनाने लिहून सही घेतो आणि तुमची मर्यादा तिथेच ठरून जाते. तो आकडा स्वतः वाचा आणि दुरुस्त करा. बिल्टीवर, म्हणजे मालपावतीवर, 'ओनर्स रिस्क' (जोखीम मालकाची) असा शिक्का असेल तर सही करण्याआधी त्याबद्दल बोला.

बिल्टी हातात आल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. तीवर गाडी क्रमांक, चालकाचा फोन, पत्ता, वस्तूंची संख्या हवी. जीएसटी क्रमांक पंधरा अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रात नोंदलेल्याचा २७ ने आणि कर्नाटकातल्याचा २९ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतंय का पाहा. मोठ्या कंपनीच्या नावाशी एका अक्षराने मिळतंजुळतं नाव घेऊन फिरणारे बरेच आहेत आणि ही तपासणी दोन मिनिटांची आहे. इंटरनेटवर चौकशी टाकली की जे आठ फोन येतात, त्यातल्या अनेकांकडे ना गाडी असते ना माणसं. ते काम घेऊन दुसऱ्याला देतात. 'गाडी तुमची की भाड्याची, पॅकिंगची माणसं कुणाची' हे विचारायला संकोच करू नका. गाडी भाड्याची असणं चूक नाही, पण तिकडे पोचल्यावर जबाबदार कोण, ते नाव बिल्टीवर हवं.

कोटेशनमध्ये 'ऑक्ट्रॉय', 'जकात', 'बॉर्डर एंट्री' अशी ओळ असेल तर ती काढायला लावा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि महापालिकेची जकात संपली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही लागत नाही, नियमांत तशी सूट आहे. तरीही वस्तूंची यादी आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत चालकाकडे द्या, तपासणीला थांबवलं तर उपयोगी पडते.

पैसे टप्प्यांनी द्या. बुकिंगला दहा-पंधरा टक्के, गाडी भरून बिल्टी मिळाल्यावर निम्म्यापर्यंत, उरलेले सामान उतरल्यावर. रक्कम कंपनीच्या खात्यातच जाऊ द्या, एखाद्या माणसाच्या खासगी यूपीआयवर नाही. सगळे पैसे गाडी भरतानाच मागणारा टाळा. गाडी अर्ध्या वाटेत थांबवून 'आणखी पंधरा हजार टाका, नाहीतर सामान गोदामात जाईल' अशी अडवणूक होते ती बहुधा फार कमी दरात बुकिंग घेतलेल्या ठिकाणी. तुमच्या २२ हजारांकडे याच नजरेने पाहा. तसं झालंच तर लेखी कोटेशन आणि बिल्टी हातात ठेवून ११२ ला फोन करा.

दोन्हीकडच्या सोसायट्यांना आधी विचारा: सामान हलवायच्या वेळा, लिफ्ट वापरायची परवानगी, अनामत, गेटमधून किती उंच गाडी येते. १७ फुटी गाडी आत येत नसेल तर रस्त्यापासून छोट्या गाडीने किंवा हातगाडीने फेऱ्या होतात, त्याचे पैसे लागतात आणि चढउतारही वाढतो. सोफा लिफ्टमध्ये बसतो का, हे टेपने मोजून ठेवा. पुण्याच्या काही भागांत माथाडी असल्याचं सांगून गेटवर पैसे मागणारे येतात. ओळखपत्र आणि माथाडी मंडळाची नोंद मागा, दमदाटी झाली तर पोलिसांना कळवा.

दुचाकी त्याच गाडीत जाणार असेल तर पेट्रोल काढा, आरसे उतरवा, आरसी, विमा आणि पीयूसीच्या प्रती द्या. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर कर्नाटकात नव्याने नोंदणी करावी लागेल. त्यासाठी पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत घेऊन निघा.

गाडी खाली होताना एकाने दारात उभं राहून खोक्यांचे क्रमांक यादीशी जुळवायचे, दुसऱ्याने आत जागा दाखवायची. मोठ्या वस्तूंचं पॅकिंग माणसं असतानाच सोडवा. काही मोडलेलं, कमी असलेलं दिसलं तर डिलिव्हरीच्या कागदावर तसं लिहून मगच सही करा. 'सामान सुस्थितीत मिळाले' असं छापील असेल तर खाली 'टीव्हीच्या पडद्याला तडा, खोकं क्रमांक १४ मिळालं नाही' असं स्वतःच्या अक्षरात लिहा. फोटो पॅकिंगसकट काढा, फुटलेली वस्तू आणि तिचं खोकं पाहणी होईपर्यंत टाकू नका, आणि विमा असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल करा. वाहतूकदारावर दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस पोचलेली असावी लागते. तोंडी आश्वासनांत हेच दिवस निघून जातात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे बंगळुरूतही, दाद मागता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही.